पातं कुठलं, लाकूड कुठलं? ब्रिटिशकालीन सुतारी हत्यारांवर शालेय प्रकल्प कसा करावा

इतिहासाच्या प्रकल्पात ब्रिटिश काळ म्हटलं की रेल्वे, तारायंत्र आणि कापडगिरण्या ठरलेल्या. सुताराच्या हत्यारांकडे फारसं कुणी वळत नाही, आणि म्हणूनच हा विषय घ्या असं मी आग्रहाने सांगेन. 1853 साली बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली गाडी तुम्हाला हातात घेऊन बघता येणार नाही. त्या काळातली पटाशी किंवा रंधा मात्र गावोगावच्या पेट्यांत आजही निघतो. शिवाय ते वापरणारी माणसं अजून आहेत आणि विचारलं तर मनापासून बोलतात.

हा लेख आठवी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांना मदत करणाऱ्या घरच्यांसाठी आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच मनात धरा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे: जुन्या हत्याराला एकच वय नसतं. रंध्याचं पातं इंग्लंडातल्या शेफिल्ड शहरचं, लाकूड इथल्या बाभळीचं, पाचर गेल्या वर्षी तासलेली, असं हमखास असतं. त्यामुळे ‘हे हत्यार किती जुनं’ असं न विचारता ‘याचा कुठला भाग कुठून आला आणि कधी बदलला’ असं विचारा. प्रकल्पाची निम्मी वाट तिथेच सोपी होते.

आधी मुलूख आणि काळ पक्का करा

‘ब्रिटिश काळ’ महाराष्ट्रात सगळीकडे एकाच दिवशी सुरू झाला नाही. मुंबई बेट 1661 च्या विवाहकरारातून इंग्लंडच्या राजाकडे आणि 1668 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीकडे गेलं. पुण्यात पेशवाई बुडाली 1818 साली. सातारचं राज्य खालसा झालं 1848 मध्ये, नागपूरचं 1854 च्या सुमारास. वऱ्हाड 1853 पासून इंग्रजांच्या कारभाराखाली होतं. मराठवाडा तर सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. गोव्यात 1510 ते 1961 पोर्तुगीज होते आणि वसईचा पट्टाही 1739 पर्यंत त्यांच्याकडेच होता.

ही सनावळी पाठ करायला दिलेली नाही. तुमचं गाव कोणाच्या अमलाखाली होतं यावर तुमचे कागद कुठे सापडतील हे ठरतं. पुणे, सातारा, नगर, नाशिक, रत्नागिरी, ठाणे, खानदेश या जिल्ह्यांसाठी मुंबई इलाख्याची गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याजिल्ह्याची माहिती देणारी सरकारी पुस्तकं, आहेत. नागपूर-चंद्रपूरकडच्यांनी मध्य प्रांताची, अमरावती-अकोल्याच्यांनी वऱ्हाडची कागदपत्रं बघायची. लातूर किंवा परभणीच्या विद्यार्थ्याने मुंबई इलाख्याचा खंड उघडून त्यात आपलं गाव शोधलं तर दिवस फुकट जाईल.

नकाशावर आपला जिल्हा, त्या काळचं राज्य आणि तुम्ही निवडलेली वर्षं एका कागदावर लिहून भिंतीला लावा. काळाचा तुकडा लहान ठेवा. 1860 ते 1920 हा माझ्या मते शाळेसाठी सर्वांत सोयीचा: गॅझेटियर याच काळात लिहिली गेली, रेल्वेने माल आतपर्यंत पोचू लागला, आणि आज घराघरांत जे जुनं हत्यार म्हणून दाखवतात त्यातलं बरंचसं याच काळाच्या शेवटाकडचं किंवा नंतरचं असतं.

प्रश्न लहान करा

‘ब्रिटिशकालीन सुतारकाम’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. प्रश्न असा हवा की ज्याचं उत्तर दहा-बारा पानांत देता येईल आणि ते उत्तर चूक ठरण्याचीही शक्यता असेल. उदाहरणार्थ:

– आमच्या जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये सुताराची जी हत्यारं दिली आहेत, त्यातली किती आज आमच्या गावच्या मिस्त्रींच्या पेटीत आहेत?
– आमच्या तालुक्यात लोखंडी रंधा कधी आला आणि लाकडी रंधा कशासाठी टिकला?
– शेतीची अवजारं करणारा गावचा सुतार आणि शहरात फर्निचर करणारा सुतार यांच्या हत्यारांत काय फरक होता?

मला पहिला प्रश्न सर्वांत आवडतो. त्याला जुना कागद लागतो, जिवंत माणूस लागतो आणि प्रत्यक्ष वस्तू लागते. तिन्ही हाताशी आल्या की त्यांचं एकमेकांशी जिथे जुळत नाही तिथेच सांगण्यासारखं काहीतरी निघतं.

नावांची वही

हत्याराचं नाव माहीत नसेल तर कागदात शोधता येत नाही आणि मिस्त्रींशी बोलताही येत नाही. म्हणून पहिले दोन दिवस फक्त नावं जमवा. सुरुवातीला एवढी पुरतात: लाकूड तासायचा वाकस (काही भागांत तासणी), कापायची करवत, सपाट करायचा रंधा, खाचा काढायची पटाशी, अरुंद भोकं कोरायचं किकरं, भोक पाडायचा सामता आणि गिरमीट, काटकोन तपासायचा गुण्या, दात लावायची आणि घासायची कानस, पटाशीवर ठोकायची लाकडी मोगरी. विदर्भात सुताराला वाढई म्हणतात आणि तिकडे काही हत्यारांची नावं हिंदीच्या जवळची आहेत, तेव्हा आपल्या भागातलं नाव आधी घरात विचारा.

अर्थ तपासायला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश घ्या. त्याची पहिली आवृत्ती 1831 ची आणि दुसरी, वाढवलेली, 1857 ची. म्हणजे हा कोशच तुमच्या काळातला साक्षीदार आहे. एखाद्या हत्याराचं नाव त्यात आहे, तर ते नाव 1857 पर्यंत इथे बोलण्यात होतं एवढं तुम्ही छातीठोकपणे लिहू शकता. नाव नसेल तर मात्र ‘हत्यारच नव्हतं’ असं म्हणू नका; कोशकारांच्या कानावर ते आलं नसेल. नंतरचा आधार म्हणून 1932 पासून निघू लागलेला दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आहे. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर दोन्ही फुकट शोधता येतात, देवनागरीत टाइप करूनही.

वहीत प्रत्येक हत्याराला एक पान द्या. वर नाव, खाली मोल्सवर्थचा अर्थ, मग गॅझेटियरमधला उल्लेख, मग मिस्त्री काय म्हणाले ते. पानं भरत जातील तसा प्रकल्प आपोआप उभा राहतो.

गॅझेटियर कसं वाचायचं

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे खंड जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली निघाले. रत्नागिरी-सावंतवाडीचा 1880 चा, ठाण्याचा 1882 चा, नाशिकचा 1883 चा, नगर आणि सोलापूरचे 1884 चे, पुणे आणि साताऱ्याचे 1885 चे, कोल्हापूरचा 1886 चा. महाराष्ट्र शासनाच्या गॅझेटियर विभागाने ते संकेतस्थळावर ठेवले आहेत आणि इंटरनेट आर्काइव्हवरही स्कॅन मिळतात. भाषा इंग्रजी आहे, पण वाक्यं सोपी आहेत. दहावीच्या इंग्रजीवर काम भागतं.

सगळा खंड वाचू नका. लोकसंख्येच्या प्रकरणात कारागिरांच्या जाती येतात, तिथे सुतारांचा परिच्छेद असतो. व्यापाराच्या प्रकरणात हस्तव्यवसाय येतात. भांडवल आणि मजुरीच्या प्रकरणात सुताराची रोजची मजुरी सापडते, आणि ती शेतमजुराच्या मजुरीच्या शेजारी ठेवली तर कसबाला किती मोल होतं ते दिसतं. जंगलाच्या प्रकरणात तुमच्या जिल्ह्यात कुठलं लाकूड मिळत होतं ते कळतं.

इथे एक अडचण येते आणि ती आधीच सांगून ठेवतो. या खंडांत मराठी शब्द रोमन लिपीत, ‘आ’वर तिरपी रेघ देऊन छापलेले आहेत. संगणकाने स्कॅन वाचताना ती रेघवाली अक्षरं चुकीची ओळखली. ‘सुतार’मधल्या ‘आ’च्या जागी बऱ्याच ठिकाणी ‘डी’ अक्षर बसलेलं दिसतं. त्यामुळे शोधखिडकीत नीट स्पेलिंग टाकलं तरी काहीच सापडत नाही आणि मुलं ‘माहिती उपलब्ध नाही’ असं लिहून मोकळी होतात. उपाय सोपा आहे. मराठी शब्द शोधूच नका. सुतार, करवत, रंधा यांचे साधे इंग्रजी प्रतिशब्द शोधा, किंवा अनुक्रमणिका बघून थेट त्या पानाच्या चित्रावर जा आणि डोळ्यांनी वाचा.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. गॅझेटियरमध्ये प्रत्येक जातीचं ‘स्वभाववर्णन’ आहे: अमुक लोक कष्टाळू, तमुक आळशी, अमक्यांचा रंग असा. ही वाक्यं तुमच्या प्रकल्पात माहिती म्हणून उतरवू नका. राज्य करणाऱ्याला माणसांची वर्गवारी हवी होती, म्हणून ती लिहिली गेली. एन्थोवेन यांच्या मुंबई इलाख्यातल्या जातीजमातींवरच्या 1920 ते 1922 च्या तीन खंडांना आणि रसेल-हिरालाल यांच्या मध्य प्रांतावरच्या 1916 च्या ग्रंथालाही हेच लागू आहे. हत्यारांची यादी, मजुरी, लाकडाची नावं घ्या. माणसांवरचे शेरे सोडून द्या, किंवा घेतलेच तर ते कुणी आणि कशासाठी लिहिले हे सांगून घ्या.

इंग्रजांच्या नजरेला तोल म्हणून त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ वाचा. 1915 साली मराठीत लिहिलेलं हे पुस्तक बलुतेदारीचा हिशोब आतून मांडतं. गावच्या सुताराला रोख पैसा कमी आणि खळ्यावरचं धान्य जास्त मिळे. त्या बदल्यात त्याने वर्षभर नांगर, कुळव, पाभर नीट ठेवायची. हे समजलं की एक कोडं सुटतं: गावच्या सुताराकडे बारीक नक्षीच्या पटाश्या थोड्या आणि वाकस भक्कम का असतो? त्याचं बहुतेक काम बाभळीचं, जाड आणि ओबडधोबड होतं.

वेळ असेल तर मुंबई इलाख्यातल्या लाकडी कोरीवकामावरची 1902 ची सरकारी पुस्तिका बघा. शहरी कारागिरांच्या कामाची ओळख तिच्यातून होते. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचं ‘ग्रंथसंजीवनी’ हे संकेतस्थळही चाळा. जुनी मराठी पुस्तकं आणि वर्तमानपत्रं तिथे आहेत.

मिस्त्रींकडे जाताना

एकट्याने अचानक जाऊ नका. आधी घरातल्या मोठ्या माणसाला बरोबर घेऊन भेटून या, वेळ विचारा, आणि कामाच्या घाईच्या दिवसांत, म्हणजे लग्नसराईत किंवा पेरणीच्या तोंडावर, जाऊ नका. बोलणं रेकॉर्ड करायचं असेल तर परवानगी घ्या. हत्याराला हात लावण्याआधी विचारा. बऱ्याच घरांत दसऱ्याला हत्यारांची पूजा होते, आणि पाय लागलेला खपत नाही. चामड्याच्या पिशवीतली पटाशी दिसते त्यापेक्षा किती तरी धारदार असते, हेही विसरू नका.

‘काका, हे किती वर्षांपूर्वीचं?’ असं विचारलंत तर उत्तर येईल, ‘लई जुनं, आज्याच्या टायमाचं.’ त्याने तुमचं काही भागत नाही. त्याऐवजी असं विचारा:

‘काका, हा रंधा तुमच्याकडे कुणाकडून आला?’
‘याचं पातं कधी बदललंय का? आधीचं कुठे गेलं?’
‘हे लाकूड कशाचं? तुम्ही केलं की वडिलांनी?’
‘वाकसाला धार कोण लावून द्यायचं? गावातले लोहार की बाजारातून नवीनच आणायचा?’
‘तुमच्या आजोबांकडे होतं आणि आता कुणीच वापरत नाही असं कुठलं हत्यार?’

शेवटच्या प्रश्नाला बहुधा सामत्याचं नाव निघतं. कमानीच्या दोरीचा वेढा दांड्याला देऊन कमान मागेपुढे ओढायची, की दांडा गरगर फिरतो आणि खालच्या टोकाने भोक पडतं. त्याची जागा आधी हाताने फिरवायच्या लोखंडी ब्रेसने आणि पुढे विजेच्या ड्रिलने घेतली. मिस्त्री तयार असतील तर त्यांना ते चालवून दाखवायला सांगा आणि चित्रफीत काढा. बसून काम करतात की उभ्याने, लाकूड पायाने धरतात की शिकंज्यात, करवत ओढताना कापते की ढकलताना, हे त्या चित्रफितीतून पुन्हा पुन्हा बघता येतं. करवतीच्या दातांकडे नीट बघा: ते मुठीकडे झुकलेले असतील तर ओढताना कापते, टोकाकडे झुकलेले असतील तर ढकलताना. इंग्रजी हातकरवत ढकलताना कापते, तेव्हा हा एवढासा तपशीलही नोंदवण्याजोगा आहे.

आता वस्तू वाचा

इथे घाई करू नका. एकच हत्यार निवडा आणि त्याच्यासमोर तासभर बसा. लाकडी रंधा असेल तर उत्तम.

पहिली सूचना: गंज घासू नका, तेल लावू नका, ‘स्वच्छ’ करू नका. गंजाखालीच शिक्का असतो आणि सॅंडपेपरने तो कायमचा जातो. मऊ ब्रशने धूळ झाडा, एवढं पुरे.

पाचर सैल करून पातं बाहेर काढायला मिस्त्रींना सांगा. पातं उजेडात तिरपं धरा. धारेकडच्या भागात आडवी फिकट रेघ दिसते का? तिच्या एका बाजूचा धातू जरा काळपट, रेषारेषांचा आणि दुसऱ्या बाजूचा चकचकीत, एकसारखा दिसतो का? तसं असेल तर हे पातं साध्या लोखंडावर पोलादाची पट्टी तापवून, ठोकून जोडलेलं आहे. पोलाद महाग होतं, म्हणून जिथे धार हवी तिथेच ते बसवत. शेफिल्डचे कारखानदार हेच करत आणि वाकसाला पोलाद चढवणारा आपला लोहारही हेच करत असे. पातं झिजत झिजत त्या रेघेच्या पलीकडे गेलं की ते टाकाऊ होतं. पातं किती आखूड झालंय त्यावरून त्याने किती काम केलं याचा अंदाज येतो.

मग शिक्का शोधा. पात्याच्या वरच्या टोकाकडे बघा. पातळ कागद ठेवून वरून शिसपेन्सिल आडवी घासली तर डोळ्यांना न दिसणारी अक्षरंही उठतात. काय वाचायला मिळेल?

‘कास्ट स्टील’ असे इंग्रजी शब्द असतील तर ते मुशीत वितळवलेलं पोलाद. ही पद्धत बेंजामिन हंट्समन यांनी शेफिल्डजवळ 1740 च्या दशकात बसवली. शिक्का मात्र पूर्ण एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या सुरुवातीपर्यंत मारत, तेव्हा एवढ्यावरून हत्यार 1740 चं ठरवू नका. ‘शेफिल्ड’ हे गावाचं नाव जुन्या पात्यांवरही असतं. पण ‘इंग्लंड’ असं देशाचं नाव स्वतंत्रपणे कोरलेलं असेल तर पातं बहुधा 1890 नंतरचं. अमेरिकेने 1890 च्या जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचं नाव सक्तीचं केलं आणि ब्रिटिश कारखानदार ते नाव छापू लागले. भारतातही व्यापारचिन्हांचा कायदा 1889 साली आला. कारखानदाराचं नाव सापडलं तर ते शोधून बघा. शेफिल्डच्या हत्यार बनवणाऱ्यांच्या याद्या आणि जुने कॅटलॉग संगणकावर मिळतात. जोसेफ स्मिथ यांनी 1816 साली काढलेलं शेफिल्डच्या मालाचं सचित्र पुस्तक तर आकार ताडून बघायला फारच उपयोगी आहे.

आता लाकूड. विलायती लाकडी रंधे बीच या युरोपातल्या झाडाच्या लाकडाचे: फिकट तपकिरी, त्यावर बारीक ठिपक्यांसारख्या रेषा. बनवणाऱ्याचं नाव बहुधा पुढच्या टोकावर ठोकलेलं असतं, आणि वापरणाऱ्याने स्वतःचं नाव तिथेच किंवा इतरत्र दोन-तीनदा मारलेलं असतं. ही दोन नावं मुलं नेहमी एकमेकांत मिसळतात. इथे केलेला रंधा साग, शिसव, बाभूळ अशा लाकडाचा असतो, आणि त्याच्या तोंडाच्या आतल्या बाजूला पटाशीचे घाव दिसतात. कुठलं लाकूड हे तुम्ही ठरवू नका, मिस्त्रींना विचारा. वासावरून आणि वजनावरून ते सांगतील.

लोखंडी रंधा असेल तर कहाणी वेगळी. लिओनार्ड बेली यांची पातं वरखाली करायच्या चाकाची युक्ती अमेरिकेतल्या स्टॅन्ली कंपनीने 1869 मध्ये घेतली आणि पुढे जगभर तोच नमुना झाला. त्याच्या तळाच्या ओतीव भागावर पेटंटच्या तारखा असतील तर सर्वांत अलीकडची तारीख बघा: हत्यार तिच्याआधीचं असू शकत नाही. नंतरचं मात्र कितीही असू शकतं.

हे सगळं तक्त्यात भरा. रकाने असे ठेवा: भाग, धातू किंवा लाकूड, खूण, ‘यापूर्वीचं नाही’ असं वर्ष, आणि त्यामागचं कारण. लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये घ्या. जुनं मोजमाप वेगळं नोंदवा, कारण गावचे सुतार गज आणि तसूंत मोजत. एका गजाचे 24 तसू. फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवा आणि खिडकीतून येणाऱ्या तिरप्या उजेडात काढा. फ्लॅश मारला की घाव सपाट होतात आणि काहीच उमटत नाही.

भिंतीवरचे घाव

हत्यार मिळालं नाही तरी त्याने केलेलं काम मिळतं. जुन्या वाड्याच्या तुळया, देवळाच्या मंडपाचे खांब, घरातली जुनी पेटी यांच्या मागच्या, न रंगवलेल्या बाजूला टॉर्च आडवा धरा. वाकसाने तासलेल्या लाकडावर उथळ, खवल्यांसारखे घाव असतात. दोघांनी मिळून ओढायच्या मोठ्या करवतीने कापलेल्या फळीवर सरळ पण असमान अंतराच्या रेघा दिसतात. रेघा गोलाकार, कमानीसारख्या असतील तर फळी यंत्रावरच्या चक्राकार करवतीची, म्हणजे लाकूड वखारीतून आलेलं. खिळेही बघा. घडीव खिळा चौकोनी आणि डोक्याशी ठोकल्याच्या खुणा असलेला. तारेचा गोल खिळा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनचा. टोकदार नसलेला, बोथट बुडाचा स्क्रू निघाला तर तो साधारण 1850 च्या आधीच्या घडणीचा.

पण इमारतीचं वय म्हणजे प्रत्येक फळीचं वय नव्हे. पुण्याचा विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाच्या काळातला, त्याचं लाकूडकाम बघायला जायलाच हवं. पण 1879 च्या आगीत त्याचा काही भाग जळाला आणि नंतर पुन्हा बांधला गेला. तिथल्या एखाद्या खांबाचा फोटो लावून ‘पेशवेकालीन रंधकाम’ लिहिण्याआधी तो खांब कुठल्या भागातला ते विचारा.

संग्रहालयांत पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले कोरीव दरवाजे आणि भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयातली नाना व्यवसाय दाखवणारी मातीची मॉडेलं बघा. गोव्याकडच्यांना बाणावलीचं ‘गोवा चित्र’ जवळ आहे, तिथे शेती आणि हस्तव्यवसायांची जुनी अवजारं जमवलेली आहेत. जाण्याआधी फोन करून काय बघायचंय ते सांगितलं तर कर्मचारी आनंदाने मदत करतात.

जुनी चित्रं वापरताना जपून. जे. जे. कलाशाळेत 1865 पासून शिकवणाऱ्या लॉकवुड किपलिंग यांनी कारागिरांची सुंदर रेखाटनं केली, पण 1870 च्या सुमाराची ती प्रसिद्ध रेखाटनं उत्तर हिंदुस्थानातली आहेत. सिमल्याचा कोरीवकाम करणारा तुमच्या कराडचा सुतार नव्हे. विल्यम जॉन्सन यांच्या 1860 च्या दशकातल्या मुंबईच्या लोकांवरच्या छायाचित्रांत तर माणसांचे फोटो वेगळ्याच पार्श्वभूमीवर चिकटवलेले आहेत.

पोलाद कुठून आलं, लाकूड कुठे गेलं

इथपर्यंत आलात की तुमच्याकडे एक रंधा आणि त्याच्या भागांचा तक्ता आहे. आता त्यातून इतिहास काढायचा, आणि हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो.

सह्याद्रीत महाबळेश्वरच्या आसपास धावड नावाचे लोक दगडातून लोखंड गाळत. भट्टीला कोळसा लागे, कोळशाला जंगल. एकोणिसाव्या शतकात दोन गोष्टी झाल्या. विलायती लोखंड स्वस्तात बंदरावर उतरू लागलं, आणि जंगलावर सरकारचा हात पडला: मुंबई इलाख्यात अलेक्झांडर गिब्सन 1847 मध्ये जंगलाचे पहिले प्रमुख झाले, पुढे 1865 आणि 1878 चे वनकायदे आले. गाळणाऱ्यांचा धंदा बसला. तुमच्या रंध्यातलं शेफिल्डचं पातं हा त्याच बदलाचा तुकडा आहे. 1869 मध्ये सुएझ कालवा उघडल्यावर तो माल आणखी लवकर येऊ लागला आणि रेल्वेने घाटावर चढला.

लाकडाचा प्रवास उलट दिशेने झाला. सुरतेहून 1736 मध्ये मुंबईला आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत सागवानाची जहाजं बांधली. 1817 मध्ये पाण्यात सोडलेलं ‘ट्रिंकोमाली’ आज इंग्लंडात हार्टलपूलला उभं आहे. 1813 च्या ‘कॉर्नवॉलिस’ जहाजावर 1842 मध्ये इंग्रज आणि चीन यांच्यातला नानकिंगचा तह झाला. साग इथून गेला, पोलाद तिथून आलं. तुमचा तक्ता या दोन रेघांवर ठेवून बघा आणि स्वतःच्या जिल्ह्यापुरतं काय म्हणता येतं ते लिहा. गावच्या सुताराला सागाचा वासा मिळणं अवघड झालं का? त्याने बाभूळ जास्त वापरली का? गॅझेटियरच्या जंगलाच्या प्रकरणात याचे धागे मिळतील. पुराव्याला धरून दोन वाक्यं लिहिलीत तरी चालतील.

लिहिताना

मुखपृष्ठ आणि सजावटीवर मुलं आठवडा घालवतात. तो वेळ मजकुराला द्या. पहिल्या पानावर प्रश्न. मग मुलूख आणि काळ अर्ध्या पानात. मग तिन्ही पुरावे: कागदाने काय सांगितलं, मिस्त्रींनी काय सांगितलं, वस्तूने काय सांगितलं. मग जिथे तिघांचं जुळलं नाही ते, सर्वांत सविस्तर. गॅझेटियर म्हणतं सामता होता, मिस्त्री म्हणतात आमच्या घरात कधी नव्हता: असं निघालं तर ते लपवू नका, तेच तुमच्या प्रकल्पाचं मधलं पान आहे.

प्रत्येक वाक्यापुढे मनात विचारा: हे मी पाहिलं, ऐकलं, की वाचलं? पाहिलं असेल तर फोटोचा क्रमांक द्या, ऐकलं असेल तर कुणाकडून, वाचलं असेल तर खंड, वर्ष आणि पान. ‘असे म्हटले जाते’ ही शब्दरचना पूर्ण प्रकल्पात एकदाही येऊ देऊ नका. वर्षाबद्दल खात्री नसेल तर ‘1890 नंतरचं’ असं मोकळेपणाने लिहा. बरोबर मांडलेला अंदाज खोट्या अचूक तारखेपेक्षा केव्हाही चांगला. बाजारात ‘ब्रिटिशकालीन’ म्हणून विकायला ठेवलेल्या वस्तूवर विक्रेत्याच्या शब्दावर काही लिहू नका. तक्ता भरा आणि तो काय म्हणतो ते बघा.

मिस्त्रींचं नाव छापायचं की नाही ते त्यांना विचारा. हो म्हणाले तर पहिल्या पानावर, आभारांच्या गर्दीत न टाकता, माहिती देणारे म्हणून घाला. आणि प्रकल्प शाळेत जमा करण्याआधी एक प्रत त्यांना वाचून दाखवा. हत्याराच्या नावातली, लाकडातली, वापरातली चूक ते तिथल्या तिथे धरतात, आणि तुम्हाला ती दुरुस्त करायला वेळ मिळतो.